जॅक्सनची १७३९ ची 'सेंट पीटर मार्टर' प्रिंट: फोनवर बघून मत बनवू नका

सरळ मुद्द्यावर येते. जॉन बॅप्टिस्ट जॅक्सन नावाच्या इंग्रज कारागिराने १७३९ मध्ये व्हेनिसला लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली 'सेंट पीटर मार्टरचा मृत्यू' ही प्रिंट मी आधी फोनवर बघितली, मग लॅपटॉपवर मोठी करून, मग भिंतीवरच्या फ्रेममध्ये आणि शेवटी लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या स्टडी रूममध्ये, खरीखुरी, समोर टेबलावर. पहिल्या तीन वेळा माझं मत होतं की ठीक आहे, जुनं तपकिरी धार्मिक चित्र आहे, जरा काळपट आहे. चौथ्या वेळेला मी खुर्चीतून उठून वाकून बघायला लागले आणि पुढचा दीड तास कसा गेला कळलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू, प्रिंटचाही आणि ती बघायला देणाऱ्या त्या खोलीचाही.

आधी चित्रात काय आहे ते सांगते. सेंट पीटर मार्टर म्हणजे व्हेरोनाचा पीटर, येशूचा शिष्य तो पीटर नव्हे, हा तेराव्या शतकातला, डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा साधू. ६ एप्रिल १२५२ ला कोमोहून मिलानला पायी जाताना जंगलात मारेकऱ्यांनी त्याला गाठून मारलं, आणि वर्षभराच्या आतच चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केलं. मरताना त्याने स्वतःच्या रक्ताने जमिनीवर ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रार्थनेतला पहिला शब्द लिहिला असं भाविक मानतात. सोळाव्या शतकातला मोठा चित्रकार टिशियन, त्याने हा प्रसंग व्हेनिसच्या सांती जोव्हानी ए पाओलो चर्चमधल्या वेदीसाठी रंगवला, १५३० पर्यंत तो पूर्ण झाला. खाली पडलेला संत, त्याच्यावर हत्यार उगारून उभा असलेला मारेकरी, जीव घेऊन पळणारा सोबती साधू, डोक्यावर उंचच उंच झाडं आणि त्या झाडांतून उजेडासोबत खाली येणारी दोन देवदूत बाळं, हातात हुतात्म्याची ताडाची फांदी. जॅक्सनने हे चित्र लाकडात उतरवलं, उंची अर्ध्या मीटरच्या आसपास. वुडकटसाठी हे मोठंच काम आहे, पुस्तकाच्या पानावर बसणारी चीज नाही ही.

आता फ्रेमचं. माझ्या दादाला माहीत होतं की मला ब्लॉक प्रिंटिंगचं वेड आहे, मी स्वतः घरी लिनो, म्हणजे लिनोलियमचे ठोकळे, कापते, तर त्याने वाढदिवसाला ऑनलाइन एका दुकानातून या प्रिंटची 'म्युझियम क्वालिटी' कॉपी मागवली, फ्रेमसकट ३५ पाउंडांना. दादाचं प्रेम शंभर नंबरी, त्यात वादच नाही, पण कॉपीबद्दल खरं सांगायला हवं. कागद चकचकीत, त्यामुळे खिडकीसमोर टांगली की चित्राऐवजी खिडकीच दिसते. गडद तपकिरी भाग पूर्ण काळा झालेला, म्हणजे झाडांच्या बुंध्यात जे तीन-चार थर आहेत ते सगळे एकच डाग. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कडेचा भाग कापून टाकलेला, कदाचित त्यांच्या तयार फ्रेमच्या मापात बसवायला, म्हणजे जिथे एखादा ठोकळा किंचित सरकल्याचं कळू शकतं, जिथे छपाई कशी झाली हे वाचता येतं, ती जागाच गायब. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटलं तरी हे ताकही नव्हतं. विकत घेऊ नका एवढंच म्हणेन. घ्यायचीच असेल तर कमीत कमी मॅट कागद आणि पूर्ण कडा आहेत ना हे विचारून घ्या.

त्या फ्रेमनेच खरं तर मला स्टडी रूमपर्यंत नेलं, कारण मला पटेना की ज्या माणसाने एवढा खटाटोप केला त्याचं काम असं मेलेलं असेल. ब्रिटिश म्युझियमची प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज स्टडी रूम कोणालाही वापरता येते, प्राध्यापक असायची गरज नाही, संशोधक असायची गरज नाही, पैसे लागत नाहीत. आधी ईमेल करून वेळ घ्यायची, त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमधून जे बघायचंय त्याचे नंबर काढून कळवायचे, ओळखपत्र न्यायचं. आत शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. ९० नंबरच्या गॅलरीला लागून दार आहे, बाहेर पर्यटकांची ही गर्दी आणि दाराच्या आत एकदम वाचनालयासारखी शांतता. मी घाबरले होते, वाटलं होतं की विचारतील तुम्ही कोण, कशासाठी बघायचंय, पण तिथल्या बाईंनी फक्त हात धुवायला सांगितले आणि प्रिंट कशी धरायची, माउंटच्या कडेला कसा हात लावायचा, ते नीट दाखवलं. एवढ्या आपुलकीने कोणी पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा कागद माझ्यासमोर ठेवेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. सेवेला पाचपैकी पाच, मनापासून.

समोर ठेवल्यावर पहिली काही मिनिटं मी सरळ वरून बघत होते आणि जवळपास स्क्रीनसारखंच दिसत होतं. मग उजेड बाजूने पडावा म्हणून डोकं जरा कडेला नेलं, आणि कागद उठून आला. अक्षरशः उठून. संताच्या झग्याच्या घड्या कागदातच दबलेल्या आणि उचललेल्या आहेत, मारेकऱ्याच्या दंडाचा गोलावा शाईने जितका दाखवलाय तितकाच कागदाच्या उंचवट्याने दाखवलाय, झाडाच्या सालीला हात लावला तर खरखरीत लागेल असं वाटतं (अर्थात हात लावायचा नसतोच). उथळ दगडी कोरीवकामावर संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की जसं सगळं जिवंत होतं ना, तसं. आणि ही किमया कुठल्याही स्कॅनमध्ये येत नाही, कारण स्कॅन करताना उजेड दोन्ही बाजूंनी सारखा टाकतात, मुद्दाम सावली मारतात. म्हणजे या प्रिंटमधली जी मुख्य गोष्ट आहे तीच आधी पुसली जाते आणि मग आपण म्हणतो की चित्र सपाट आहे.

हे त्याने केलं कसं हे समजायला जरा मागे जावं लागतं. एकाच चित्रासाठी दोन-तीन लाकडी ठोकळे कोरायचे, एकावर रेषा, बाकीच्यांवर छटा, आणि ते एकाच कागदावर एकावर एक छापायचे, पांढरा भाग म्हणजे कोरा सोडलेला कागद, या पद्धतीला किआरोस्कुरो म्हणजे छायाप्रकाशाची वुडकट म्हणतात. १५०८ ते १५१० च्या सुमाराला जर्मनीत क्रानाख आणि बुर्गकमायर या चित्रकारांनी ती वापरली, आणि इटलीत उगो दा कार्पी नावाच्या कारागिराने १५१६ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडे तिचा हक्क मागितला. पुढे तांब्याच्या पत्र्यावरची कोरणी एवढी पुढे गेली की लाकूड म्हणजे स्वस्त पोथ्या, बाजारातली पत्रकं आणि पुस्तकांच्या कडेची वेलबुट्टी एवढ्यापुरतं उरलं. जॅक्सनच्या तरुणपणी लाकडाची किंमत ही अशी होती. पॅरिसला १७२९ पासून क्रोझा नावाच्या संग्राहकाकडच्या चित्रांच्या ज्या मोठ्या छापील प्रती निघाल्या त्यांतसुद्धा मुख्य रेषा तांब्यावर आणि फक्त छटा लाकडावर अशी तडजोड होती. जॅक्सनने ही तडजोड केली नाही, रेषासुद्धा लाकूड, छटासुद्धा लाकूड. मला हा हट्ट फार आवडतो.

युरोपात असं कोरायला साधारणपणे पेअरचं लाकूड वापरत, दाट आणि एकसारखं, आणि ते फळीच्या अंगाने कापलेलं, म्हणजे धागे आडवे जातात, त्यावर सुरी आणि गोल-सपाट पटाशा चालवायच्या. ज्यांनी कधी कापलंय त्यांना माहितीय की धाग्याच्या दिशेने सुरी सुळकन जाते आणि धाग्याला आडवी गेली की लाकूड चिरतं किंवा तुकडा उडतो, आणि एकदा उडालेला तुकडा परत येत नाही. (धागे उभे राहतील असं आडवं कापलेल्या बॉक्सवूडवर ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने बारीक कोरण्याची पद्धत इंग्रज कारागीर बेविकने पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी गाजवली, जॅक्सनचं काम ते नव्हे.) त्यामुळे लाकडात तांब्यासारखी केसाएवढी बारीक रेघ मारत बसण्यात अर्थ नाही, आणि जॅक्सनला हे पक्कं कळलं होतं. या प्रिंटमध्ये जाळीदार रेघा जवळपास नाहीतच. सावली म्हणजे सावलीच्या आकाराचा एक ठोकळा, तिला कडा आहे, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्याने ठरवलंय. टिशियनने ब्रश फिरवून जे मऊ केलं होतं त्याच्यासाठी याला निर्णय घ्यावा लागला की इथून अंधार. पाच मिनिटं फक्त पळणाऱ्या साधूच्या झग्याकडे बघा, पांढरा अंगरखा आणि त्यावरचा काळा झगा, वारा भरल्यासारखा फुगलेला, आणि ते सगळं जेमतेम आठ-दहा आकारांत. एकही आकार उगाच नाही.

आता शाई, इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. जॅक्सनने नंतर १७५४ मध्ये लंडनला एक छोटी पुस्तिका काढली, आपल्या पद्धतीबद्दल, त्यात दावा आहे की उगो दा कार्पीला चारच छटा माहीत होत्या आणि जॅक्सनने दहा काढल्या, त्याही फक्त चार वेळा छापून. वाचल्यावर वाटलं फुशारकी असेल. मग वहीत मांडून बघितलं. शाई जर पारदर्शक असेल, म्हणजे खालचा रंग वरून दिसत असेल, तर चार ठोकळ्यांच्या एकेकट्या छटा चार, आणि कुठलेही दोन एकमेकांवर आले तर जोड्या होतात सहा, चार आणि सहा दहा. तीन-तीन थर एकावर आले तर आणखीही निघतील. त्याने हेच गणित मनात धरलं होतं का हे मी सांगू शकत नाही, पण आकडा बरोब्बर बसतो हे बघून मी खुर्चीतच उडाले. प्रिंटवर भिंग धरलं की हे दिसतंसुद्धा, फिकट बदामी, मग मधला तपकिरी, आणि जिथे दोन्ही एकावर एक गेलेत तिथे तिसराच उबदार रंग, जो कुठल्याच ठोकळ्यावर नव्हता. म्हणजे ठोकळा कोरताना त्याला त्या ठोकळ्याचाच विचार करून भागत नव्हतं, दुसरे तीन कुठे कुठे येणार ते डोक्यात धरूनच प्रत्येक काप मारायचा.

मी घरी येऊन दोन लिनो ब्लॉकवर हे करून बघितलं, झाडाचा एक बुंधा आणि मागचं आकाश, बस्स. पारदर्शक माध्यम मिसळून शाई पातळ केली. रंग छान आले पण जुळवणी, म्हणजे रजिस्ट्रेशन, दहापैकी सहा वेळा चुकलं, कारण कागद ओला असला की पसरतो आणि पहिल्या छपाईनंतर सुकायला लागला की आकसतो, आणि मिलिमीटरभर सरकलं तरी कडेला पांढरी चीर दिसते. जॅक्सनचे ठोकळे चार, माप माझ्यापेक्षा कितीतरी पट मोठं, कागद हाताने केलेला, ओलवलेला. आणि मी बघितलेल्या प्रतीत ठोकळे सरकल्याची खूण शोधायला मला भिंग घेऊन बसावं लागलं, शेवटी वरच्या पानांमध्ये एका ठिकाणी सापडली. तो कागद चार वेळा सारखाच ओला कसा ठेवला असेल याचा विचार करून करून माझं डोकं शिणलं.

आणि तो उठाव. नेहमीची पुस्तकं छापायच्या प्रेसमध्ये वरून सपाट पाटा दाबला जातो, अक्षरांना तेवढा दाब पुरतो, पण एवढ्या मोठ्या ठोकळ्यातल्या सपाट भागांवर शाई नीट उतरायला तो कमी पडतो. जॅक्सनने सिलिंडरचं प्रेस वापरलं, तांब्याच्या पत्र्यांसाठी वापरतात त्या जातीचं, दोन रुळांमधून सगळं दाबून काढायचं. रुळाखाली एका वेळी एकच पट्टी दाबली जाते म्हणून जोर प्रचंड येतो. ओला कागद त्या जोराने ठोकळ्याच्या खोबणीत शिरतो आणि सुकल्यावर तिथेच राहतो. दुसऱ्या कोणी हा दाब म्हणजे चूक समजून कमी केला असता. त्याने उलट तो चित्राच्या कामाला लावला, उजळ भाग फुगलेला, अंधार दबलेला. दुर्दैव असं की नंतरच्या मालकांनी यातल्या किती तरी प्रती पुठ्ठ्यावर चिकटवल्या, इस्त्री केल्यासारख्या सपाट केल्या, वह्यांत दाबून ठेवल्या, त्यामुळे आज जगभर जिथे जिथे या प्रिंट्स आहेत तिथे सगळ्याच सारख्या बोलत नाहीत. तुम्हाला निवड मिळत असेल तर न चिकटवलेली प्रत मागा. ही एक टीप लक्षात ठेवली तरी या रिव्ह्यूचं काम झालं.

या प्रिंटला आणखी एक वजन आहे जे जॅक्सनच्या हातात नव्हतं. टिशियनचं मूळ चित्र आज नाही. फ्रेंचांनी १७९७ मध्ये ते पॅरिसला नेलं, १८१६ मध्ये परत आलं, आणि १६ ऑगस्ट १८६७ च्या आगीत जळून गेलं, चर्चमध्ये काम चालू होतं म्हणून तात्पुरतं रोझरीच्या चॅपलमध्ये ठेवलं होतं आणि नेमकं ते चॅपलच पेटलं, सोबत जोव्हानी बेल्लिनीचं एक मोठं चित्रही गेलं. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने टिशियनच्या सगळ्या कामांत ज्याला सर्वांत वरचं मानलं ते चित्र गेलं. मी दोन वर्षांपूर्वी व्हेनिसला गेले होते तेव्हा त्या वेदीसमोर उभी राहिले, तिथे आता कार्ल लोथने केलेली नक्कल आहे, ती बघून पोटात कालवतं, कारण नक्कल चांगली असली तरी तुम्हाला माहीत असतं. त्यामुळे जुन्या प्रिंट्स म्हणजे आपल्याकडचे साक्षीदार. सोळाव्या शतकात मार्तिनो रोताने याच चित्राची तांब्यावर प्रिंट केली, ती मी त्याच दिवशी शेजारी मागवली होती. रोताकडून तुम्हाला पान न् पान कळतं, बोट न् बोट कळतं. पण त्या जंगलात अंधार किती होता आणि वरून येणारा उजेड किती जोरात घुसला हे जॅक्सनकडूनच कळतं. रोता सांगतो तिथे काय होतं, जॅक्सनसमोर उभं राहिलं की तिथे असल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर दोन्ही शेजारी ठेवूनच बघा, एकट्याने कोणीच पूर्ण साक्ष देत नाही.

उणं काय आहे तेही बोलते, नाहीतर रिव्ह्यू कसला. चेहरे कमी पडलेत. मरणाऱ्या संताच्या तोंडावर जी वेदना आणि जो विश्वास एकत्र दिसायला हवा तो इथे फक्त उघडं तोंड आणि वर गेलेली नजर एवढाच उरलाय, कारण एवढ्याशा जागेत ठोकळ्याच्या सावलीला वळण द्यायला जागाच नाही. देवदूत बाळांचे चेहरे तर मला थोराड वाटले. पानांच्या गर्दीत दोन-तीन ठिकाणी थर एकमेकांत मिसळून गढूळ झालेत, तिथे फांदी कुठली आणि सावली कुठली कळत नाही. आणि लांबून बघितलं तर पूर्ण चित्र थोडं जड आहे, हे मान्य. तेव्हाच्या लोकांनाही हे खटकलं होतं. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १७५३ मध्ये पत्रात लिहिलंय की या प्रिंट्स टिशियनच्या नावाने मिरवत होत्या तोवर त्याला सहन होत नव्हत्या, पण आपल्या स्ट्रॉबेरी हिलच्या घरात भिंतीवर उठावाच्या शिल्पांसारख्या लावल्यावर त्या एकदम जमल्या. माझ्या मते शिव्या देता देता वॉलपोलने मर्म पकडलं. या प्रिंट्स चित्राची कॉपी म्हणून बघाल तर निराश व्हाल, कागदावरचं शिल्प म्हणून बघा.

कारागिराबद्दल वाचल्यावर मात्र जीव हळहळतो. जॅक्सन १७०० च्या आसपास इंग्लंडात जन्मला, १७२५ च्या सुमाराला पॅरिसला गेला, तिथे पापियों या लाकूड कोरणाऱ्या कारागिराबरोबर काम केलं आणि त्याच्याशी बिनसलं, १७३१ मध्ये व्हेनिसला पोचला. तिथे जोसेफ स्मिथ, जो पुढे ब्रिटिश कॉन्सल झाला आणि चित्रकार कानालेत्तोची चित्रं विकण्यासाठी प्रसिद्ध आहे, त्याने पाठबळ दिलं. १७३८ मध्ये स्मिथच्या मालकीच्या रेम्ब्रांटच्या एका एकरंगी चित्रावरून पहिली मोठी प्रिंट केली, ती बघून मग व्हेनिसच्या चर्चमधल्या मोठ्या धार्मिक चित्रांची मालिका ठरली, टिशियन, व्हेरोनेझे, तिन्तोरेत्तो, बास्सानो. सतरा चित्रं, चोवीस छापील कागद, कारण काही चित्रं एका कागदावर मावेनात, तिन्तोरेत्तोचं स्कुओला दी सान रोक्कोमधलं 'क्रूसारोहण' तीन कागदांवर आहे. चार-साडेचार वर्षं रक्ताचं पाणी करून नव्वदच्या पुढे ठोकळे कोरले. सगळा संच १७४५ मध्ये व्हेनिसला पास्क्वाली या प्रकाशकाने काढला. त्याच्या आदल्याच वर्षी मार्को रिच्चीच्या निसर्गचित्रांवरून सहा पूर्ण रंगीत वुडकट्स, म्हणजे युरोपात कोणी केलं नव्हतं ते. आणि एवढं करून हातात काय, इंग्लंडला परतून कापडछपाई आणि मग बॅटरसीला भिंतीचे कागद छापायचा धंदा, तोही फार चालला नाही. बेविकच्या आठवणींत येतं की म्हातारपणी तो स्कॉटलंडच्या सीमेवर टेव्हियट नदीच्या जवळ कुठेतरी एका आश्रयस्थानात गेला. ज्याने लाकडाला पुन्हा मोठ्या चित्रकलेच्या शेजारी बसवायची हिंमत केली त्याचं हे असं व्हावं हे वाचून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आता कामाच्या गोष्टी. लंडनला जाणं जमणार नसेल तर वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या आणि न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर जॅक्सनच्या प्रिंट्सचे मोठे स्कॅन फुकट उतरवता येतात, ते फोनवर बघू नका, मोठ्या स्क्रीनवर पूर्ण झूम करून झग्याच्या कडांपासून सुरुवात करा, चेहऱ्यांपासून नको, चेहऱ्यांपासून सुरुवात केलीत तर लगेच बंद कराल. छापून घ्यायची असेल तर स्कॅन स्वतः उतरवून चांगल्या मॅट कागदावर घ्या, गडद भाग थोडा उजळून, दादाच्या फ्रेममध्ये मी आता तेच लावलंय आणि फरक बघून दादा स्वतः म्हणाला की अगं हे तर वेगळंच चित्र आहे. स्टडी रूमला जाणार असाल तर एका वेळी चार-पाचच गोष्टी मागवा, मी आठ मागवल्या आणि शेवटच्या तिघींना न्याय मिळाला नाही. भिंग स्वतःचं न्या. खिडकीच्या बाजूचं टेबल मिळालं तर बघा. प्रिंटला माझ्याकडून साडेचार, अर्धा चेहऱ्यांसाठी कापला, जळलेल्या चित्राची साक्ष म्हणून द्यायचे गुण वेगळे.

आणि त्याच दिवशी थोडा वेळ हाताशी ठेवा. १७३८ ची ती रेम्ब्रांटवरची पहिली प्रिंट स्टडी रूममध्ये मागवून बघा आणि मग चालत नॅशनल गॅलरीत जा, वीस मिनिटांवर आहे, तिथल्या संग्रहात रेम्ब्रांटचं ते छोटं तपकिरी चित्र आहे, मृत येशूभोवतीचा शोक, ज्याच्यावरून जॅक्सनने ती कोरली. भिंतीवर लावलंय का हे आधी साइटवर बघून घ्या. मला त्या दिवशी गॅलरी बंद व्हायच्या आधी दहाच मिनिटं मिळाली, उगाच आठ प्रिंट्स मागवत बसले म्हणून.